पैसे तुमचे, मग प्रकाशक कोण?

या वेळचं पत्र लातूर विभागातल्या एका एसटी वाहक ताईंचं आहे. पत्र सात पानी आहे, म्हणून त्यातला मुद्द्याचा भाग तेवढा देतो.

"मी १४ वर्षं एसटीत वाहक आहे. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आगाराच्या विश्रांतिकक्षात बसून जुन्या डायऱ्यांमध्ये एक कादंबरी लिहिली. छापली तर दोनशे पानं होतील. याआधी दोन कथा दिवाळी अंकांत आल्या. एकाने पाचशे रुपये पाठवले, दुसऱ्याने नुसता अंक. कादंबरीचे फोटो काढून एका प्रकाशकाला व्हॉट्सॲपवर पाठवले. चौथ्या दिवशी फोन आला, 'अप्रतिम, लगेच काढू.' ७२ हजार रुपये भरायचे, ५०० प्रती छापणार, त्यातल्या १०० मला, किंमत ३२० रुपये, आणि पहिली आवृत्ती संपल्यावर १० टक्के रॉयल्टी. एका पानाचा करार पाठवलाय, त्यात 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' असं आहे. भाऊ म्हणतो, पतपेढीतून कर्ज काढ, पुस्तक काय रोज निघतं का? नवरा म्हणतो, सरळ फसवणूक आहे. लेखकाला नक्की मिळतं किती? आणि पैसे दिल्याशिवाय कुणी छापतच नाही का?"

ताई, भाऊ आणि नवरा दोघंही थोडे थोडे चुकताहेत. फसवणूक म्हणावी, तर त्या गृहस्थांनी तुमच्यापासून आकडे लपवलेले नाहीत. सगळं पानावर लिहून दिलंय. फक्त व्यवहाराला दिलेलं नाव खोटं आहे. आमच्या प्रकाशनाच्या धंद्यात एक साधी खूण आहे: ज्याचे पैसे पुस्तकात अडकतात, तो प्रकाशक. इथे पैसे तुमचे अडकणार, म्हणजे प्रकाशक तुम्ही. ते गृहस्थ पुस्तक छापून देणारे. त्यात कमीपणा काही नाही, चांगलं काम आहे ते. पण लग्नपत्रिका छापून दिली म्हणून छापखानेवाला बोहल्यावर उभा राहत नाही, आणि हे तर सर्व हक्क मागताहेत.

आता हिशेब. मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एका प्रकाशनात २६ वर्षं काढली. मुद्रितशोधक म्हणून लागलो, संपादक म्हणून बाहेर पडलो. खाली जे आकडे मांडतोय ते कच्चे आहेत, छापखान्यागणिक आणि कागदाच्या भावागणिक बदलतील. तुम्ही स्वतः दोन छापखान्यांकडून दरपत्रक मागवा आणि माझे आकडे खोडून तुमचे लिहा.

डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं, २०० पानांचं साधं पुस्तक धरू. अक्षरजुळणी पानाला ३५ रुपयांनी ७ हजार. दोन प्रुफं वाचायची, त्याचे ४ हजार. मुखपृष्ठाचे ५ हजार. हे १६ हजार एक प्रत छापा नाहीतर हजार छापा, लागणारच. मग कागद, छपाई, बांधणी प्रतीला ७५ रुपये धरले, तर ५०० प्रतींचे साडेसदतीस हजार. एकूण ५३,५००, म्हणजे प्रतीला १०७ रुपये.

हे पैसे प्रकाशकाने स्वतःच्या खिशातून घातले, तर ३२० रुपयांच्या पुस्तकाचं पुढे काय होतं बघा. विक्रेता किंवा वितरक छापील किमतीवर कमिशन घेतो. दुकानदार ३० टक्के म्हणेल, मधे वितरक असला की आकडा ४०च्या पुढे जातो. आपण ४० धरू. म्हणजे १२८ रुपये तिथेच गेले आणि प्रकाशकाच्या हाती १९२ राहिले. त्यातले ३२ लेखकाचे, म्हणजे छापील किमतीवर १० टक्के रॉयल्टी. १०७ निर्मितीचे. उरले ५३. या ५३ रुपयांत जागेचं भाडं, पगार, पार्सलं, आणि उधारी.

उधारीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण लेखकांना हा भाग दिसत नाही. मराठी पुस्तकांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गावोगावची सार्वजनिक ग्रंथालयं. महाराष्ट्रात १९६७ सालच्या कायद्याखाली मान्यता असलेली, अ, ब, क, ड अशा वर्गांतली हजारो ग्रंथालयं आहेत. ती शासनाच्या अनुदानावर पुस्तकं घेतात. अनुदान आलं की खरेदी, ते लांबलं की बिलं लांबली. ग्रंथालय विक्रेत्याला थकवतं, विक्रेता प्रकाशकाला, आणि प्रकाशक, म्हणजे आम्ही, लेखकाला. आमच्याकडे मार्च आला की गठ्ठे बांधायला सुतळी पुरत नसे आणि जूनमध्ये चहावाल्याचं बिल थकलेलं असे. मराठी पुस्तकांच्या किमती तुम्हाला जड वाटत असतील, तर त्यामागे ही लांबलचक साखळी आणि तिच्यातली सवलत हेही एक कारण आहे.

तर ५००च्या ५०० प्रती गेल्या, तर लेखकाला १६ हजार. प्रकाशकाला भाडं-पगार जायच्या आधी साडेसव्वीस हजार. आणि ३०० गेल्या तर? लेखकाला ९,६००, प्रकाशकाला साडेपाच हजारांचा तोटा. म्हणून नवीन नाव म्हटलं की खरा प्रकाशक हातचं राखून बोलतो. पूर्वी मराठीत पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असायची. आता ५०० छापतानाही लोक दोनदा विचार करतात, कित्येक जण दोनशे-तीनशेच डिजिटल छपाईवर काढतात. तो माणूस पाषाणहृदयी नसतो, त्याच्या माळ्यावर न खपलेल्या गठ्ठ्यांना जागा नसते.

आता तुमचा करार याच पाटीवर मांडू. तुम्ही ७२ हजार दिले, त्यांचा खर्च ५३,५००. एकही प्रत विकायच्या आधी साडेअठरा हजार सुटले. शिवाय ४०० प्रती त्यांच्याकडे, त्यांवर पहिल्या आवृत्तीत तुम्हाला रॉयल्टी नाही. तुमच्या १०० प्रती तुम्ही अगदी पूर्ण किमतीला, कमिशन न देता, सगळ्या खपवल्या तरी येणार ३२ हजार. ४० हजारांचा खड्डा राहतोच, वर पतपेढीचं व्याज. ज्या माणसाचा नफा पुस्तक दुकानात जायच्या आधीच झालाय, तो ते विकायला कशासाठी उन्हातान्हात फिरेल? आणि ५०० प्रती खरोखर छापल्या का, हे तुम्ही कसं मोजणार? असे लोक प्रकाशन समारंभ मात्र झोकात करतात. शाल, श्रीफळ, व्यासपीठावर सहा पाहुणे. हॉलचं भाडं पुन्हा लेखकाचं.

'पहिली आवृत्ती संपल्यावर रॉयल्टी' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. आवृत्ती संपली हे ठरवणार कोण? तेच. मी अशा आवृत्त्या पाहिल्यात ज्या वीस वर्षं संपल्या नाहीत, आणि अशाही ज्यांची 'दुसरी आवृत्ती' पहिलीचे गठ्ठे माळ्यावर असतानाच बाजारात आली, कारण दुसरी आवृत्ती म्हटलं की बरं दिसतं.

माळ्यावरून आठवलं. आमच्याकडे एक वयस्कर लेखक दर जूनमध्ये कापडी पिशवी घेऊन यायचे. मास्तर होते, ललित लिहायचे, वर्षाकाठी साठ-सत्तर प्रती जायच्या. एका वर्षी मी त्यांच्यापुढे हिशेबाचा कागद ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शिल्लक २१२ लिहिलीय. मी जरा माळ्यावर बघू का?" मालक हसले, म्हणाले बघा की. त्यांना वाटलं, सत्तरीचा माणूस शिडी कशाला चढतोय! मास्तर चढले. वर वाकून, धोतराचा सोगा कमरेला खोचून, पंचवीसचे गठ्ठे मोजले, सुटे मोजले आणि खाली येऊन पिशवीतल्या वहीत लिहिलं: १५१. एकसष्ट प्रती कमी. पुस्तक १२० रुपयांचं, १० टक्क्यांनी ७३२ रुपये. मालकांनी तिथल्या तिथे चेक फाडला, 'नोंद राहून गेली' म्हणाले. राहून गेलीही असेल. पण दुसऱ्या वर्षीपासून त्या एका लेखकाची नोंद कधी राहिली नाही.

तुम्हाला हे सांगायची तशी गरज नाही. तुम्ही रोज संध्याकाळी आगारात वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) आणि रोकड जुळवून दिल्याशिवाय घरी जात नाही. दहा रुपये कमी भरले तर स्वतःच्या पर्समधून घालता. मग वर्षातून एकदा प्रकाशकाला वेबिल मागायला लाजायचं कशाला? लेखक टक्केवारीवर भांडतात, दहा का साडेबारा, आणि हिशेब मागायला संकोचतात. अहो, हिशेब येत नसेल तर पंधरा टक्केही शून्यच.

पण टक्के कशावर, हे मात्र विचाराच. मराठीत साधारण छापील किमतीवर साडेसात ते पंधरा टक्के अशी पद्धत आहे, नवीन लेखकाला बहुधा दहा. काही करारांत मात्र हळूच 'विक्रीतून जमा झालेल्या रकमेवर' असं असतं. तुमच्या पुस्तकात छापील किमतीवर १० टक्के म्हणजे ३२ रुपये, जमा रकमेवर १० टक्के म्हणजे १९ रुपये २० पैसे. टक्के तेच, एका शब्दाने १२ रुपये ८० पैसे गेले. जमा रकमेवर देणं चूक नाही, पण मग टक्के जास्त हवेत.

आता ते एक पान. 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' या तीन शब्दांत तुमच्या कादंबरीचा अनुवाद, ई-पुस्तक, ऑडिओ, नाट्यरूपांतर, उद्या कुणी मालिका करायची म्हटली तर ती, सगळं आलं असं ते म्हणतील. आपला कॉपीराइट कायदा, १९५७चा, लेखकाच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे, लेखकच तो वाचत नाहीत. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि कोणतं लेखन, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला किती, हे त्यात यावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. घेतलेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तेव्हा तो हक्क तुमच्याकडे परत येतो. हक्क देण्याबद्दलची ही सगळी १९व्या कलमातली गंमत आहे. छापील प्रत कुठल्याही कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळते. एक घेऊन ठेवा.

हक्काची किंमत किती लांबपर्यंत जाते तेही सांगतो. लेखक गेल्यावर पुढची ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११च्या जानेवारीपासून मोकळी झाली आणि आज कितीतरी प्रकाशक ती छापताहेत. तुम्ही आज एका पानावर सही केलीत, तर ती तुमच्या नातवंडांच्या वतीनेही केलेली असते.

म्हणून कुठल्याही करारात निदान एवढं मागा: फक्त मराठी छापील पुस्तकाचा हक्क, तोही तीन किंवा पाच वर्षांसाठी. बाकीचे हक्क माझे, किंवा त्यातून आलेल्या पैशांत निम्मे माझे. आवृत्तीच्या प्रतींचा आकडा पुस्तकात छापायचा. दर वर्षी ३० जूनपर्यंत छापल्या किती, गेल्या किती, शिल्लक किती याचा कागद, सोबत चेक. पुस्तक सहा महिने बाजारात मिळत नसेल तर हक्क परत. वीस-पंचवीस लेखकप्रती फुकट, वर लागतील त्या ४० टक्के सवलतीने. यावर कुणी चिडला, तर बरंच झालं, आधी कळलं.

तुमचा दुसरा प्रश्न, पैसे न देता कुणी छापतं का. छापतात, पण चार दिवसांत नाही. ज्याने चार दिवसांत डायरीचे फोटो वाचून 'अप्रतिम' म्हटलं, त्याने काहीच वाचलेलं नाही. मला तुमच्या अक्षरातलं सात पानी पत्र वाचायला अर्धा तास लागला, रागावू नका. आधी कादंबरी युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये केली की पुढच्या माणसाकडे अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. मग तुमच्या कपाटातली, ग्रंथालयातली, तुम्हाला आवडलेली अलीकडची पाच-सात कादंबऱ्यांची पुस्तकं काढा, ती कुणी छापली ते बघा, आणि त्यांना एक पानाचं कथासूत्र आणि पहिली तीन प्रकरणं पाठवा. सोबत दोन्ही दिवाळी अंकांचा उल्लेख करा, तो कामाला येतो. सहा महिने थांबायची तयारी ठेवा. नकार बहुतेकदा येतच नाही, नुसती शांतता येते. दोन महिन्यांनी एक फोन करावा, दर आठवड्याला करू नये.

शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देणारी योजना आहे, तिथे अर्ज कराच. आणि पुस्तक निघालं की राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांसाठी प्रती वेळेत पाठवल्या जातात का, हे स्वतः बघा. पहिल्या पुस्तकासाठी तिथे वेगळे पुरस्कार असतात. प्रकाशक विसरतात. मीही एकदा विसरलो होतो, ती लेखिका माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

पोट भरण्याचं म्हणाल, तर नुसत्या कादंबऱ्यांवर घर चालवणारी मराठी माणसं फार थोडी, हाताच्या बोटांवर. बाकीच्यांचं अनुवाद, मालिकांचे संवाद, वर्तमानपत्री सदरं, व्याख्यानमाला, ऑडिओसाठीचं लेखन यांवर चालतं, किंवा तुमच्यासारखी नोकरी असते. सोळा हजार रुपये, तेही दोन-तीन वर्षांत मिळून, एवढाच पहिल्या कादंबरीचा अंदाज धरा. यासाठी नोकरी सोडायचा विचार मनात असेल (पत्रात शेवटी तुम्ही तसं अर्धं वाक्य लिहून खोडलंय, मला दिसलं), तर तो खोडलेलाच राहू द्या.

आणि समजा सगळीकडे शांतताच आली आणि पुस्तक तर हातात हवंच आहे. तर मग उघडपणे तुम्हीच प्रकाशक व्हा, त्यात लाज कसली? २०० प्रती डिजिटलवर छापल्या तर प्रतीला ११५ रुपये धरू, २३ हजार. अक्षरजुळणी, प्रुफं, मुखपृष्ठाचे तेच १६ हजार. एकूण ३९ हजार. किंमत २५० ठेवा. स्वतः विकलेल्या १५६ प्रतींत पैसे निघतात, पुढच्या ४४ तुमच्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, दिल्लीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था फुकट देते, लेखकाने स्वतः अर्ज केला तरी. त्याचे पाच हजार कुणी मागितले तर देऊ नका. १५६ प्रती खपवणं सोपं नाही, नातेवाईक चाळीसनंतर संपतात. पण तुमच्या आगारात, विभागात, युनियनच्या बैठकांत तुमचं पुस्तक घेणारी माणसं आहेत, आणि तुमच्या गाडीच्या दुनियेतलं लिहिलेलं वाचायला त्यांच्याइतकं उत्सुक कोण असणार? मात्र यासाठीही कर्ज नको. साठवून करा, वर्ष गेलं तरी चालेल. छापण्याआधी तुमच्या आस्थापना शाखेला एक अर्ज देऊन ठेवा, म्हणजे पुढे कुणी सेवानियम काढून बसणार नाही.

त्या गृहस्थांना उत्तर काय द्यायचं? भांडू नका. एवढंच लिहा: "पुस्तक आपल्या खर्चाने काढणार असाल तर रॉयल्टी पहिल्या प्रतीपासून हवी आणि हक्क पाच वर्षांपुरते छापील पुस्तकाचेच. माझ्या खर्चाने काढायचं असेल तर ५०० प्रती मला पोचवा, छापखान्याचं बिल दाखवा, आणि हक्क माझेच राहतील." उत्तर आलं तर मला कळवा. बहुतेक येणार नाही.

आणि टाइप करायला मूळ डायऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. झेरॉक्स काढा, पानांवर क्रमांक घाला, ती द्या. आमच्या टेबलावरून एका बाईंची अख्खी वही हरवली होती. ती आम्ही तीन महिने शोधली, आणि ती पहिल्या दिवशीच रद्दीत गेली होती.